घाबरू नका, तरीही चालवा

तिसऱ्या बसथांब्यावर इस्क्राचं नाव होतं, चेहरा नव्हता.

रायना पत्र्याच्या भिंतीशी वाकून उभी होती. कागदाची निळी चौकट शाबूत होती. वर क्रूस, त्याखाली 'इस्क्रा, वय तेवीस', मग 'सहा महिने तुझ्याविना' आणि रायनानं स्वतः रचलेल्या चार ओळी. मधोमध, जिथे फोटो असायचा, तिथे पावसानं आणि बर्फानं धुऊन काढलेला करडा डाग.

"बघू," म्हणत मेतोदी पुढे आला. चष्मा कपाळावर ढकलून त्यानं नाक कागदाला टेकेल इतकं जवळ नेलं. "हे केस का?"

"डाग आहे, दादा. त्याला केस म्हणायचं तर म्हणा."

"चौथ्यावर असेल."

"पहिल्यावरही तुम्ही हेच म्हणाला होतात."

मेतोदीनं चष्मा खाली घेतला आणि चालायला लागला. रायनानं कागदापुढे छातीवर क्रूसाची खूण केली, थर्मासची पिशवी खांद्यावर नीट केली आणि त्याच्यामागून निघाली. सकाळी अकराला ते आपल्या गावाहून, दोल्ना क्रुशाहून निघाले होते. गोर्ना क्रुशा अजून पाच किलोमीटर वर होतं. शनिवारची बस नव्या वर्षापासून बंद झाली होती; असती तरी उपयोग नव्हता, कारण बसमधून खांब तपासता येत नाहीत. आणि हे दोघे खांब तपासायलाच निघाले होते.

बल्गेरियात माणूस गेला की दुखवट्याचा कागद छापतात. फोटो, नाव, तारखा, दोन शब्द. तो फाटकावर लावतात, विजेच्या खांबावर, बसथांब्यावर, देवळाच्या फळीवर. पुन्हा चाळिसाव्या दिवशी, पुन्हा सहा महिन्यांनी, पुन्हा वर्षाला. तरुण, बिनलग्नाचं कुणी गेलं तर चौकट काळी नसते, निळी असते. अर्धी गावं ओस पडली आहेत, शाळांना कुलपं आहेत, पण एखाद्या ओस गावच्या थांब्यावर तुम्ही दहा मिनिटं उभे राहिलात तर चेहरे तुमच्याकडे बघत असतात. रायनाला त्याची सवय होती. वाचनालयाच्या खोलीत बसून गेली अकरा वर्षं ती हेच कागद करत होती. रविवारी देवळात मेणबत्त्या विकायची, बाकीचे दिवस वाचनालय आणि कागद.

इस्क्राचे सहा महिन्यांचे वीस कागद तिनं सप्टेंबरात छापले होते. इस्क्राची आजी गोर्ना क्रुशाची, म्हणून आई गेर्गिना दिरासोबत वरपर्यंत जाऊन चिकटवून आली होती. पुढच्या शनिवारी वर्ष भरत होतं. वर्षाला कबरीवर दगड बसतो आणि दगडावर फोटो बसतो. पाथरवट फोटोसाठी थांबला होता. आणि फोटो कुठेच नव्हता.

ही पोर अठराव्या वर्षी स्पेनला गेली, तिथे हॉटेलात खोल्या झाडायची, स्कूटरवरून येताना गाडीनं उडवली. फोन तिच्याबरोबरच चुरा झाला. इंटरनेटवर तिचं पान होतं. पण ती गेल्यावरही तिथे परकी माणसं 'वाढदिवसाच्या शुभेच्छा' लिहायची, म्हणून चाळिसाव्यानंतर गेर्गिनानंच हट्टानं ते बंद करवलं. तिच्या मैत्रिणीनं शवपेटीबरोबर एक फोटो पाठवला होता. बाल्कनीत उभी, वाऱ्यानं केस उडालेले, हसताना एक डोळा बारीक झालेला. तो रायनानं संगणकात घातला होता; मूळ प्रत इस्क्राबरोबर पुरली होती, आणि मैत्रिणीचा नंबर आता लागत नव्हता. घरात होते ते शाळेतले, दहा वर्षांच्या मुलीचे. गेर्गिनाच्या फाटकावरही कागद होता, पण रोज सकाळी कोंबड्यांना दाणे टाकायला निघताना ती त्यावरून हात फिरवायची. हात फिरवून फिरवून तिथे नुसता पांढरा, लांबट ठसा उरला होता.

"शाई वाचवा," मेतोदी चालता चालता अचानक म्हणाला.

"काय?"

"कागद छापायच्या माझ्या प्रोग्राममध्ये तो पर्याय मी आधीपासूनच चालू ठेवलेला असायचा. लोकांचा खर्च कमी व्हावा म्हणून. कमी शाईत छापलं की पहिल्याच पावसात उडतं. पूर्ण शाई असती तर टिकलं असतं."

"दादा, पूर्ण शाई असती तर छपाईचं यंत्रच टिकलं नसतं. जुनं खोकड ते."

तो हसला नाही. पूर्वी हसला असता.

मेतोदी अडुसष्ट वर्षांचा होता. उंच, थोडा वाकलेला, हिवाळ्या-उन्हाळ्यात एकच तपकिरी कोट. जिल्ह्याच्या शहरात पंपांचा कारखाना होता तेव्हा तो तिथल्या संगणक विभागात होता. कारखाना बंद पडला, संगणक भंगारात गेले. मेतोदी गावी आला आणि टीव्ही, रेडिओ, शिलाई यंत्रं, पडेल ते दुरुस्त करायला लागला. कुणाच्या घरी गेला तर कोट काढायचा नाही, खुर्चीच्या कडेवर बसायचा, काम झालं की कॉफीही न घेता उठायचा. बायको दाफिना म्हणायची, "या माणसाला घरात ये म्हणायला मला लग्न करावं लागलं."

दाफिना गेली तेव्हा शहरातल्या छपाईच्या दुकानात चाळिसाव्याचा कागद करून घेतला. माणूस गेला तो दिवस पहिला धरून मोजायचं असतं. दुकानदारानं दुसऱ्या दिवसापासून मोजलं. मेतोदीनं दुःखात तपासलं नाही. शनिवारी जेवण मांडलं, साठ माणसांचं; आली नऊ. बाकीचे रविवारी आले, हातात फुलं घेऊन, आणि फाटकाशी ओशाळून उभे राहिले. त्याच हिवाळ्यात मेतोदीनं प्रोग्राम लिहायला घेतला. मृत्यूची तारीख घातली की तिसरा, नववा, चाळिसावा, सहा महिने, वर्ष, सगळं तो बरोबर मोजून द्यायचा, चौकट आखायचा, फोटो बसवायचा आणि फोटो जपून ठेवायचा, पुढच्या खेपेसाठी. नाव 'स्पोमेन', म्हणजे आठवण. फुकट. पहिल्यांदा क्रुशाच्या वाचनालयात, मग शेजारच्या गावांत, मग डॅन्यूबपर्यंत चाळीसएक वाचनालयांत आणि देवळांत.

फक्त एक भानगड होती. प्रोग्राम बसवायला गेलं की संगणकाच्या पडद्यावर निळी खिडकी यायची. हा प्रोग्राम कुणी केला ते माहीत नाही, प्रकाशक अनोळखी आहे, याने तुमचं नुकसान होऊ शकतं. खाली मोठं बटण, 'चालवू नका'. बायका घाबरून मेतोदीला फोन करायच्या. एकीनं तर संगणकाची वायरच उपटली होती.

ही खिडकी गप्प करायचा मार्ग होता. परदेशातली एखादी कंपनी तुमची कागदपत्रं तपासते, दरसाल पैसे घेते आणि तुमच्या प्रोग्रामवर तुमची सही उमटवायची सोय करते. सही असली की प्रोग्राम कुणाचा ते संगणकाला कळतं. आणि मध्ये कुणी हात घातला तर तेही कळतं. मेतोदीची मुलगी जर्मनीत परिचारिका आहे. ती म्हणाली होती, "बाबा, मी भरते पैसे. घेऊन टाका ती सही."

"पैशाचा प्रश्न नाही," मेतोदी तिला म्हणाला. "मी मेतोदी आहे हे क्रुशातल्या प्रत्येक कुत्र्याला माहीत आहे. त्याचा दाखला मी आयुष्यात न पाहिलेल्या माणसाकडून आणू?"

त्याऐवजी त्यानं एक कागद छापला. मोठ्या अक्षरांत. 'निळी खिडकी येईल. घाबरू नका. अधिक माहिती असं लिहिलंय तिथे दाबा. मग तरीही चालवा हे दाबा. तुमचा मेतोदी.' तो त्यानं प्रत्येक वाचनालयात पाठवला. रायनानं तो संगणकाशेजारी भिंतीवर चिकटवला, संत निकोलसच्या तसबिरीखाली. दर सुधारित आवृत्तीला खिडकी यायची आणि रायना वाचल्याशिवाय दाबायची. अकरा वर्षांत सोळा वेळा.

सतराव्या वेळी, जानेवारीच्या अखेरीस, ईमेलवर पत्र आलं. 'प्रिय मित्रांनो, हिवाळा कसा चाललाय? स्पोमेनची नवी आवृत्ती तयार आहे.' मेतोदीची सगळी पत्रं अशीच सुरू व्हायची. कुणाच्या तरी, कुठेतरी, त्याचं एक जुनं पत्र हाती लागलेलं असणार. त्यानं हिवाळ्याची चौकशीसुद्धा तशीच केली होती. रायनानं दाबलं. निळी खिडकी आली. अनोळखी प्रकाशक. तिनं भिंतीकडे बघितलंही नाही. तरीही चालवा.

दुपारपर्यंत सगळे फोटो कुलूपबंद झाले होते. दोन हजार तीनशे चेहरे. नावांच्या जागी कचऱ्यासारखी अक्षरं, आणि पैशाची मागणी करणारी चिठ्ठी. जोडलेली दुसरी डिस्क, जिथे प्रती ठेवलेल्या होत्या, तीही. एकूण नऊ वाचनालयं गेली. मेतोदीनं चोरांना लिहिलं की ही फक्त मेलेल्या माणसांची चित्रं आहेत, याचा तुम्हाला काय उपयोग. त्यांनी उत्तरात एक पिवळा हसरा चेहरा पाठवला. दुसऱ्यांदा लिहिलं तेव्हा उत्तर नाही. शहरातल्या पोलिसांनी जबानी लिहून घेतली, चहा दिला. मेतोदीनं उरलेल्या तीस वाचनालयांना एकेक फोन करून सांगितलं, स्पोमेन काढून टाका, माझं खरंही काढा. आणि मग तो घराबाहेर पडेनासा झाला.

गेर्गिनाला हे काहीच माहीत नव्हतं. रायनानं तिला सांगितलं होतं, संगणक दुरुस्तीला गेलाय. महिना झाला. एक दिवसाआड गेर्गिना वाचनालयाच्या दारात यायची, पायरीवर बूट आपटून बर्फ झाडायची, आत यायची नाही. "आला का गं?" रायना म्हणायची, "येईल." रविवारी मेणबत्त्या विकताना गेर्गिना समोर आली की रायना सुटे पैसे शोधायचं निमित्त करून खाली बघायची.

मधल्या वाडीत दोना आजी फाटकाशी उन्हात बसली होती, मांडीवर लसणाची परडी. दोघांनी विजेचा खांब चारी बाजूंनी बघितला, मग दुसरा.

"काय शोधताय रे खांबांवर?" ती ओरडली. "स्वतःचं नाव लागलंय का बघताय?"

"अजून नाही लागलं, आजी," मेतोदी म्हणाला.

"मग माझं लागलंय का ते तरी बघ. मला इथे कुणी काही सांगत नाही."

रायनाला हसू आलं. तिनं विचारलं, "इस्क्राचा कागद होता ना हो तुमच्या फाटकावर? गेर्गिनाच्या मुलीचा?"

"होता. शेळीनं खाल्ला. पिठाच्या खळीनं चिकटवतात, शेळी सोडते होय?" आजीनं लसूण बाजूला ठेवला. "वर थांब्यावर बघा. तो सिमेंटचा आहे, आत पाऊस जात नाही. थांबा, उकडलेली अंडी घेऊन जा. उद्यापर्यंत खायची, मग ईस्टरपर्यंत उपवास, नाव काढायचं नाही."

अंडी देताना तिनं मेतोदीचं मनगट धरलं. "उद्या माफीचा रविवार, घरोघर जाऊन माफी मागायचा. तू काही उद्या एवढं चढून माझ्याकडे येणार नाहीस. तर आजच माफ आहे तुला, जा."

"कशाबद्दल माफ केलंस, आजी?"

"जे काय केलं असशील ते."

"ऐकशील तरी आधी?"

"कशाला? साठ वर्षं मी दर वर्षी माफ करते आहे. एकाचंही ऐकलं नाही. ऐकलं असतं तर एकालाही केलं नसतं." ती बोळक्या तोंडानं हसली. "तूही म्हण की. मलाही पाहिजे."

"माफ आहे, आजी," मेतोदी म्हणाला.

वाडी मागे पडली. रस्ता बीचच्या झाडांतून वर जात होता. सावलीत अजून बर्फ होता, घट्ट, मळलेला. एका वळणावर दोघे दगडावर बसले. रायनानं पाव आणि चीज काढलं, आजीची अंडी सोलली. "देव इस्क्राला क्षमा करो," तिनं म्हटलं आणि एक अंडं मेतोदीच्या हातात दिलं. मेलेल्याच्या नावानं काही द्यायचं तर असं म्हणून देतात. मेतोदी म्हणाला, "देव क्षमा करो," आणि अंडं कोटाच्या खिशात ठेवलं.

"खा ना."

"खाईन."

"दादा, असं किती दिवस चालायचं? बटण मी दाबलं. माझं बोट होतं."

"बोट तुझं. सवय माझी. मी लावली." त्यानं हातमोजे झटकले. "रायना, खरं सांग. त्या दिवशी खिडकीत काही वेगळं होतं का? जरा तरी?"

रायनानं हा प्रश्न स्वतःला रात्रंदिवस विचारला होता. "नव्हतं. तुमची खिडकी आणि त्यांची खिडकी अगदी एकच होती."

"हो," तो म्हणाला. "हेच मला झोपू देत नाही. माझी सही असती, तर माझ्या प्रोग्रामला खिडकी कधीच आली नसती. आणि मग जी आली असती ती बघून तू दचकली असतीस. मला फोन केला असतास. अकरा वर्षांत मी एवढंच केलं, माझ्यात आणि चोरात फरक कळू नये याची सोय केली."

रायनानं उरलेला पाव पिशवीत ठेवला. तिनं मनातल्या मनात देवाच्या आईची प्रार्थना म्हटली, पहिली ओळ, मग पुन्हा पहिलीच ओळ.

गोर्ना क्रुशात सात धुराडी चालू होती. थांबा गावाच्या तोंडाशी, आजी म्हणाली तसा सिमेंटचा, तीन भिंती आणि छत. आतल्या भिंतीवर कागदच कागद. रायनानं एकेक वाचायला सुरुवात केली. इस्क्रा नव्हती. तिनं पुन्हा वाचलं. तेवढ्यात मेतोदीनं, ज्याला धड दिसत नव्हतं, एका कागदाच्या कडेवरून बोट फिरवलं. "हा जाड आहे. खाली दुसरा आहे. रंग कोणता?"

वरचा कागद त्सोलो नावाच्या धनगराचा होता, नोव्हेंबरातला, काळ्या चौकटीचा. पण कोपऱ्यात, काळ्याच्या बाहेर, सुतासारखी निळी रेघ डोकावत होती.

"निळा," रायना म्हणाली.

त्सोलोनं तिला चार महिने ऊन लागू दिलं नव्हतं, पाणी लागू दिलं नव्हतं. रायनानं थर्मासमधला कोमट चहा रुमालावर ओतला आणि रुमाल कागदावर दाबून धरला. मेतोदीनं खिशातला चाकू काढला, मग पुन्हा ठेवून दिला आणि नखानं कड सोडवायला लागला. पाऊण तास गेला. हात गारठले की ते बगलेत घालून ऊब आणायचे. आधी केस दिसले. मग कपाळ. मग डोळे, एक जरा बारीक झालेला, हसण्यामुळे. रंग जसाच्या तसा.

"आहे," रायना रडायला लागली. "दादा, आहे ती! बघतेय."

"हळू," मेतोदी म्हणाला. "खाली खळ जास्त आहे. हळू गं."

खाली खळ खरंच जास्त होती. त्सोलोचा कागद एकदम सुटला आणि नाकाखालचं सगळं त्याच्या पाठीला चिकटून आलं, बारीक बारीक कपचे होऊन. ते पुसून एकत्र करायला गेले तर ओला लगदा बोटांवर आला. ओठ नव्हते, हनुवटी नव्हती. इस्क्रा डोळ्यांनी हसत होती आणि तिला तोंड नव्हतं.

दोघे बाकावर बसले. रस्त्यावरून एक बाई बादली घेऊन गेली, तिनं मान हलवून विचारपूस केली, उत्तराची वाट न बघता पुढे गेली. रायनानं उरलेला अर्धा चेहरा भिंतीवरून सोडवून, सुकवून प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवला.

पुस्तक मिटून ती म्हणाली, "दादा, शाळेतला फोटो आहे गेर्गिनाकडे. हनुवटी तिथून घेता येईल. थोडी मोठी करायची. तुम्हाला येतं ते."

"येतं."

"दगडावरचा फोटो तरी केवढा असतो? तळहाताएवढा. कुणाला कळणार आहे? आणि गेर्गिनाला सांगू, संगणक आला दुरुस्त होऊन. मी सांगते. पाप लागलं तर मला लागू दे."

मेतोदी तिच्याकडे वळला. त्या वळण्यात क्षणभर असं काही होतं की तो हो म्हणणार असं रायनाला वाटलं. त्याच्या घरात संगणक होता, रात्र हाताशी होती, आणि हे काम त्याच्याइतकं नेटकं आजूबाजूच्या चाळीस गावांत कुणी केलं नसतं.

"ती रोज जाऊन हात फिरवेल त्यावर," तो म्हणाला. "माहीत आहे ना तुला? कुणाच्या ओठांवरून फिरवेल? मी बनवलेल्या. आणि मी पुन्हा तिला सांगायचं, घाबरू नकोस, ही तुझीच आहे." त्यानं मान हलवली. "डोळे खरे आहेत. तेवढेच देऊ. पाथरवटाला डोळेच बसवायचे तर बसवू दे. नाहीतर दगड कोरा राहू दे. ते ती ठरवेल."

"ती वेडी होईल, दादा."

"होईल."

"आणि गाव तुमच्याशी बोलणार नाही."

"आत्ता तरी कोण बोलतंय? मीच दार लावून बसलोय."

रायनानं डोळे पुसले. तिला एकदम एक वाट दिसली आणि ती सावरून बसली. "मग उद्या जाऊ. मी येते बरोबर. उद्या माफीचा रविवार आहे. तुम्ही नुसतं म्हणा, माफ कर. दुसरं काही सांगायलाही नको. ती म्हणेल माफ आहे. उद्या कुणी कुणाला नाही म्हणत नाही, देवाचाच दिवस आहे तो. मग नंतर हळूहळू सांगू काय झालं ते."

मेतोदी उठला. त्यानं कोटाची बटणं वरपासून खालपर्यंत लावली, सावकाश, एकेक. खाली दरीत दोल्ना क्रुशाच्या देवळाची घंटा वाजत होती, शनिवारच्या संध्याकाळच्या प्रार्थनेची. इथून ती फार लहान ऐकू येत होती.

"उद्या नको," तो म्हणाला. "म्हणूनच उद्या नको. उद्या ती न वाचताच दाबेल. सगळेच दाबतात. मी विचारलं की तिच्या तोंडून माफ आहे असं निघून जाईल, आणि मग घरी जाऊन तिला कळेल तिनं काय माफ केलं, आणि तेव्हा परत घेता येणार नाही, कारण दिवस देवाचा होता. असं मी तिच्याशी करणार नाही."

"मग काय करू मी? सांगा."

"तू आज जा. खाली पोचलो की थेट तिच्याकडे, अंधार पडला तरी जा. हा अर्धा कागद तिच्या हातात दे आणि सगळं सांग. संगणक दुरुस्तीला गेला नव्हता, हे आधी सांग. मग सांग, खिडकी आली होती. खिडकीनं स्पष्ट लिहिलं होतं, हा माणूस अनोळखी आहे, नुकसान होईल. आणि मेतोदीनं भिंतीवर लिहून ठेवलं होतं, घाबरू नका. माझं नाव घे. तुझं बोट मध्ये आणू नकोस, निदान आज तरी. ती मला शिव्या देईल, त्या ऐकून घे, मला वाचवायला जाऊ नकोस. आणि तिला सांग, उद्या तो येणार नाही. उद्या दाराला कडी लावून बसली तरी चालेल. मी सोमवारी येईन. सोमवारी कुणावर कसलं बंधन नसतं; वाटलं तर दार उघडेल, नाही वाटलं तर नाही." त्यानं थर्मासची पिशवी उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतली. "एवढं कर माझं, रायना. आजच."